‘प्यायलाय’ म्हणण्याआधी मनगट बघा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

इन्सुलिन घेणाऱ्या प्रत्येकाच्या अंगावर ‘मधुमेह, इन्सुलिन घेतो’ असं कोरलेलं कडं किंवा लॉकेट कायम असावं, अशी कळकळीची विनंती आपल्या वृत्तपत्रातून करायची आहे. साखर उतरवणाऱ्या काही गोळ्यांनीही ती एकदम खाली येते. आपली गोळी त्यातली आहे का, हे डॉक्टरांना विचारून घ्यावं.

मी एसटीतून निवृत्त झालेला वाहक. स्वतः इन्सुलिनवर आहे. साखर सत्तरच्या खाली गेली की दरदरून घाम फुटतो, हात थरथरतात. आणखी उतरली की जीभ जड होते, तोल जातो, माणूस विचारलेल्याला भलतंच उत्तर देतो. बघणाऱ्याला वाटतं, दारू प्यायलाय.

एका उन्हाळ्यात बसस्थानकावर माझं हेच झालं. बनियन घामानं चिंब, पिशवी हातातून सुटलेली, आणि ‘कुठं जायचंय?’ म्हणून विचारलं तर स्वतःच्या गावाचं नाव तोंडातून फुटेना. ज्या फलाटांवर सारी नोकरी केली तिथंच ‘सकाळी सकाळी लावून आलाय’ हे शब्द कानावर आले. ऐकू सगळं येत होतं. दोघांनी धरून बाकावर बसवलं आणि लांब झाले. रसवंतीवरच्या बाई आल्या, तोंडाजवळ वाकून वास घेतला आणि म्हणाल्या, “दारू न्हाई ही, साखर उतरलीया. आमच्या मालकांचं असंच हुतं.” बिनबर्फाचा रस त्यांनी मला घोट घोट पाजला. त्या बाईंना घरच्या अनुभवानं कळलं. बाकीच्यांना कशावरून कळावं?

मोबाईलला लॉक असतो. खिशातली चिठ्ठी घामानं विरते, शिवाय अनोळखी माणसाच्या खिशात हात घालायला कुणी धजत नाही. मनगट मात्र नाडी बघायला कुणीही धरतं.

अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या डॉ. कॉलिन्स यांच्या मुलीला १९५३ साली धनुर्वातावरच्या अँटिटॉक्सिनच्या (विष मारणाऱ्या औषधाच्या) नुसत्या चाचणी डोसची भयंकर रिॲक्शन आली. तिच्यासाठी त्यांनी कोरीव ब्रेसलेट करून घेतलं आणि १९५६ मध्ये त्यातूनच मेडिकअलर्ट ही संस्था उभी राहिली. आपल्याकडे परदेशी वस्तूची वाट बघायलाच नको. भांड्यांच्या दुकानात मशीननं नावं घालून देतात, तिथंच रुंद पट्टीचं स्टीलचं कडं नेऊन द्यावं. वर आजार आणि इन्सुलिन, खाली घरच्यांचा मोबाईल नंबर, मागच्या बाजूला हेच इंग्रजीत. औषधाची ॲलर्जी असेल तर तीही घालावी.

सगळ्यात जास्त विरोध होतो तो लग्नाच्या वयाच्या मुलींच्या घरी. लहानपणापासून टाइप १ मधुमेह असलेल्या मुलीचे आईवडील सांगतात, कडं दिसलं तर स्थळं येणार नाहीत. मला याचा फार त्रास होतो. जिला रोज सुया टोचून घ्यायच्या आहेत, तिचा आजार सासरी किती दिवस लपणार? आणि आज ती एकटी एसटीनं कॉलेजला जाते, तिचं काय? नाजूक चांदीचं लॉकेट करा, हवं तर ड्रेसच्या आत राहू द्या, पण तिच्या गळ्यात ते असू द्या.

पोलीस, होमगार्ड, चालक-वाहक यांच्या प्रशिक्षणात हे शिकवलं जावं. माणूस शुद्धीत असेल आणि त्याला गिळता येत असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांत फरक पडला नाही तर पुन्हा. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, कुशीवर वळवून १०८ ला फोन करावा.

वारीत तर ही काळजी दुप्पट हवी. दिवसभराची चाल, एकादशीचा उपवास, जेवणाची वेळ हुकलेली, आणि इन्सुलिन मात्र घेतलेलं. दिंडीत मागं पडलेला म्हातारा झाडाखाली आडवा दिसला तर लोकांना वाटतं, दमून झोपलाय. आमच्या दिंडीच्या नावनोंदणीच्या वहीत यंदा साखरेचा रकाना घातला आहे. इन्सुलिनवाल्यांची कडी आळंदीला जाण्याआधी कोरून होतील. इतर दिंडीप्रमुखांनीही हे मनावर घ्यावं.

आपला,
एक निवृत्त एसटी वाहक, वाई (जि. सातारा)