मूळ लेख उघडला होता का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मी २८ वर्षे नोकरी केली. प्रबंध जमा करायची तारीख जवळ आली, की एमडी-एमएसची मुले संदर्भयादी तपासायला माझ्याकडे येत. एकदा एका मुलीच्या यादीतला लेख दिलेल्या खंडात, दिलेल्या पानावर सापडेना. जुने प्रबंध काढले, तर तोच चुकीचा खंडक्रमांक आधीच्या तिघांकडे! म्हणजे चौघांपैकी एकानेही लेख उघडला नव्हता. यादीवरून यादी उतरली होती. दिल्लीहून झेरॉक्स मागवली. ज्या औषधाच्या बाजूने तो संदर्भ दिला होता, त्याचा काही उपयोग दिसला नाही, असे लेखात स्पष्ट लिहिले होते.

ही बारीकसारीक बाब नव्हे. १० जानेवारी १९८० रोजी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये बॉस्टनच्या दोघांचे पाच वाक्यांचे पत्र आले. तेही संपादकांनाच लिहिलेले. रुग्णालयात अफूवर्गीय वेदनाशामके दिलेल्या ११,८८२ रुग्णांत पूर्वी व्यसन नसताना ते जडल्याच्या खात्रीलायक नोंदी फक्त ४, एवढेच त्यात होते. घरी महिनोन्‌महिने गोळ्या घेणाऱ्यांबद्दल अवाक्षर नव्हते. २०१७ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी या पत्राचे ६०८ उल्लेख तपासले. त्यांपैकी ४३९ लेखांनी ‘व्यसन क्वचितच लागते’ याचा पुरावा म्हणून ते वापरले होते. हे रुग्ण रुग्णालयात दाखल होते, हे ४९१ लेखांनी सांगितलेच नाही. तोवर अमेरिकेत या वर्गातल्या औषधांनी लाखो माणसे गेली होती. सगळा दोष त्या पत्राचा नाही, पण डॉक्टरांची भीती मोडायला ते वापरले गेले. नियतकालिकाने अखेर मूळ पत्राला सावधगिरीची टीप जोडली, ३७ वर्षांनी.

आता तर संगणकावरच्या एआयला विचारले की कधीकधी अस्तित्वातच नसलेल्या लेखांचे संदर्भ खंड-पानासह मिळतात. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे : परीक्षकांनी तोंडी परीक्षेत यादीतले कोणतेही पाच संदर्भ निवडावेत आणि मूळ लेख समोर ठेवायला सांगावे. आधाराची ओळ विद्यार्थ्याने बोट ठेवून दाखवावी. याला दहा मिनिटेही लागत नाहीत.

त्या मुलीने रात्रभर बसून परिच्छेद बदलला. जमा करायला चार दिवस उरले असताना बदल केला म्हणून तिचे मार्गदर्शक तिच्यावर रागावले. आधीचे तिन्ही प्रबंध मी निवृत्त झालो तेव्हा कपाटात तसेच होते, आणि नवी मुले ते नमुना म्हणून घरी नेत होती.

– एक निवृत्त ग्रंथपाल, मिरज