सजावट उतरवणार नाहीये, रागावू नका

प्रिय आई-बाबा,
सा. नमस्कार.

बाबा, तुम्ही फोनवर म्हणालात की अंगणात त्या फाटक्या नाताळच्या सजावटीचं जे उभं केलंय ते सगळं काढून टाक, उगाच कोणाच्या डोळ्यावर येऊ नका. तेव्हा मी वाद घातला नाही, तुमचा आवाज चढला की मागोमाग बीपी चढतं म्हणून. आता नीट लिहितो. काढणार नाहीये. मुग्धाचं, ईराचं आणि माझं ठरलंय, संक्रांतीपर्यंत ते अंगणात उभं राहणार. तुम्ही काळजीपोटी बोललात हे कळतं मला, तुमच्या जागी मी असतो तर मीही हेच बोललो असतो.

आधी काळजीचं. दादाने जो फोटो पाठवला त्यात फक्त आपलं घर दिसतंय, म्हणून तुम्हाला वाटलं की मुद्दाम आपल्यालाच त्रास दिला. तसं नाही हो. त्या रात्री अख्ख्या गल्लीत कोणीतरी कटर घेऊन फिरलंय. समोरच्या आजींचा स्नोमॅन, कोपऱ्यावरच्यांचं हरीण, आपला सांता, आणि दिवाळीपासून लावलेला कापडी आकाशकंदील पण, सगळं फाडलंय. दाराला, गाडीला कोणी हातही लावलेला नाही. पोलीस येऊन फोटो काढून गेले, कोणी केलं ते कळलेलं नाही. रात्री पोर्चचा लाइट चालू ठेवतो, दार दोनदा बघतो, घरात हीटर मस्त चालू असतो, ईराला थर्मलशिवाय बाहेर सोडत नाही, कुळथाचं पीठ अजून अर्धा डबा शिल्लक आहे. सगळं ठीक आहे.

आता ते उभं काय केलंय ते सांगतो, फोटोत नुसता ढीग दिसतोय. इकडे अमेरिकेत नाताळला फुगणारी सजावट लावतात, टेक्सासच्या जेमी नावाच्या कंपनीने 2001 मध्ये ती बाजारात आणली आणि आता घरोघर असते. आतून पोकळ, छत्रीसारखं पातळ कापड, आणि बुडाशी एक छोटा पंखा जो सतत हवा भरत राहतो. शिवणीतून थोडी हवा जातच असते पण पंखा ती भरून काढतो. हातभर चीर गेली की मात्र संपलं, सांता जमिनीवर पडलेल्या लुगड्यासारखा चपटा. सकाळी उठून बघितलं तर गल्लीभर ही चपटी कापडं आणि त्यांच्याजवळ रडणारी पोरं.

लोक ते कचऱ्यात टाकायला निघाले होते. मी म्हटलं टाकू नका, आमच्या गॅरेजमध्ये आणा. बाबा, खरं सांगू, मला तेव्हा वाड्यातला आपला किल्ला आठवला. वरच्या आळीतल्या पोरांनी लाथ मारून बुरूज पाडला आणि मी जेवेना, तर तुम्ही ड्युटीवरून आल्या आल्या खाली बसून त्या पडक्या बुरजावर आळीव टाकलं आणि म्हणालात, आता हा सिंहगड दिसतो. हे तुमच्याकडूनच आलंय, त्यामुळे तुम्ही नको म्हणालात की मला कळत नाही काय करू.

आणि ती हायडलबर्ग स्ट्रीट आठवते ना, डेट्रॉइटची? तुम्ही हे कसलं भंगार बघायला आणलंस म्हणालात, पण ठिपक्याठिपक्यांच्या घरासमोरून हलेनात, आईने दोनदा हाका मारल्या. टायरी गायटनने 1986 मध्ये आजोबांना बरोबर घेऊन तिथली ओसाड घरं टाकून दिलेल्या वस्तूंनी सजवायला घेतली, महापालिकेने 1991 आणि 1999 ला त्यातलं बरंच पाडलं, मग 2013-14 मध्ये एकामागून एक घरं कोणीतरी पेटवली, आणि तरी ते काम चालू राहिलं. त्या गावापासून तासाभराच्या आत राहून आम्ही फाटलेला सांता कचऱ्यात टाकायचा, हे मला पटेना.

मग सगळ्या तुकड्यांचा मिळून एकच प्राणी करायचा ठरलं. पोट स्नोमॅनचं, पाय हरणाचे, पाठ सांताच्या लाल कोटाची, आणि कपाळावर आपल्या कंदिलाची चांदणी. आई, आधी मी तुझ्या गोधडीचा धावदोरा घातला तर हवा सुसू करून बाहेर! मग तू फोनवर सांगितलंस तशी उलटी टीप घातली, टाके जवळजवळ, दोरा पिवळा, मुद्दाम दिसेल असा, कारण चिरा लपवायच्याच नव्हत्या. गॅरेजमध्ये एवढी थंडी की बोटांना सुई कळत नव्हती, समोरच्या आजी थर्मासमध्ये कोको घेऊन बसायच्या आणि सुईत दोरा ओवून द्यायच्या, या वयात चष्म्याशिवाय. बटण दाबलं तेव्हा आधी एक पाय उठला, मग बराच वेळ काहीच नाही, मग पोट, आणि मान सगळ्यात शेवटी. टाक्यांतून हवा जाते ना, म्हणून तो हळूहळू खाली-वर होतो, श्वास घेतल्यासारखा. ईरा त्याला गोष्ट सांगायला बाहेर जाते. ज्या पोरांची सजावट फाटली ती सगळी येऊन आपापला तुकडा शोधतात, हे माझं हरीण, हा माझा स्नोमॅन. हे काढून टाकू का मी, सांगा.

बाबा, वायरींचं विचारणार तुम्ही, एमएसईबीत आयुष्य गेलंय तुमचं. कापलेल्या माळा परत जोडलेल्या नाहीत, नुसत्या आयाळ म्हणून विणल्यात, त्यात करंट नाही. पंख्यांचे अडॅप्टर 12 व्होल्टचे, बर्फापासून वर बांधलेत. बाहेरचं सॉकेट जरा विजेची गळती झाली की आपोआप बंद पडतं, आपल्या घरचा ईएलसीबी 30 मिलिअँपिअरला पडतो, हे 5 च्या आसपासच. मी स्वतः टेस्टचं बटण दाबून बघितलंय.

आता तुम्ही माझं ऐका. बीपीची गोळी सकाळीच, पेपर वाचून झाल्यावर नाही. रीडिंग वहीत लिहा आणि दर रविवारी मला फोटो पाठवा. आई, माळ्यावर चढायचं नाही, गुडघ्याचं ऑपरेशन पुढे ढकलतेयस ते मला दादाकडून कळलंय, जानेवारीत डॉक्टरांची तारीख घे, मी रजा टाकतो. रागावून नाही सांगत गं, पण घे. मोलकरणीला सुट्टी देऊन स्वतः भांडी घासू नकोस.

आणि एक काम. प्राण्याला शेपूट नाहीये, कापड संपलं. मामीचा भाचा वीस तारखेला निघतोय, त्याच्याबरोबर तुझ्या त्या जांभळ्या साडीचा पदर पाठव, जी गोधडीत घालायची नाही म्हणून बाजूला ठेवलीयस ती. नको वाटलं तर दुसरी कुठलीही चालेल, पण दोन मीटर तरी हवं.

तुमचा,
निलू