गिरीराज नको, हलकी कोंबडी घ्या

प्रिय आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, गिरीराज जातीच्या कोंबडीची पिल्लं आणायची म्हणालात. कोंबड्या अवश्य पाळा, मला आनंदच आहे. पण हिंगण्याच्या आपल्या अंगणात तिच्यासारखी वजनाने भारी जात नको, हलकीच घ्या.

नागपूरचा उन्हाळा तुम्हाला मी काय सांगू! कोंबडीला घाम येत नाही. चोच उघडून धापा टाकायच्या, हाच तिचा मुख्य इलाज. मोठ्या, मांसल अंगातली उष्णता लवकर बाहेर पडत नाही, म्हणून पारा ४५ला टेकला की भारी कोंबड्या आधी दगावतात. शिवाय धापा टाकून टाकून रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, आणि कवच बनायला तोच लागतो. मे महिन्यात अंडं नुसतं बोटांनी उचललं तरी तडकतं, ते यामुळे. दाणा खाणंही तेव्हा कमी झालेलं असतं.

आणि आई, रोज संध्याकाळी कोंबड्या धरून खुराड्यात घालणार तूच. तीन किलोची फडफडती कोंबडी वाकून उचलायची म्हणजे तुझ्या गुडघ्यांचं काय होईल?

माझ्या मते ग्रामप्रिया घ्या. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने काढलेली जात आहे. वनराजाही त्यांचीच, पण ती अंगाने जड आणि अंडी शंभर-सव्वाशेच. ग्रामप्रियाची तलंग, म्हणजे तरुण कोंबडी, सहा महिन्यांची झाली तरी पावणेदोन किलोच्या आसपास असते, आणि अंगणात चरून वर्षाला दीडशेच्या वर अंडी देते. नर साडेतीन-चार महिन्यांत सव्वा-दीड किलोचे होतात. ते रश्शाला. सावजी मसाल्यात शिजूनही तुकडा हाडाला धरून राहतो, ब्रॉयलरसारखा भुगा होत नाही.

बाबांचा जीव कडकनाथवर आहे, ठाऊक आहे मला. झाबुआच्या त्या कोंबडीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि लहान, काटक म्हणून ती मलाही आवडते. पण अंडी शंभरापर्यंतच आणि पिल्लू महाग. हौस म्हणून एखादी जोडी ठेवा, घरची अंडी तिच्यावर सोपवू नका.

एक मात्र लक्षात असू द्या. ग्रामप्रिया संकरित आहे. तिची अंडी उबवून काढलेली पिल्लं तिच्यासारखी निघत नाहीत, आणि ती स्वतः खुडूक, म्हणजे अंडी उबवायला, बसते तीही क्वचितच. म्हणून दोन गावरान कोंबड्या सोबत हव्यातच. आई, तुझ्या डालग्यात भुसा घालून गावरान अंड्यांवर त्यांना बसव, २१ दिवसांत पिल्लं.

पिल्लं उन्हाळ्यात आणू नका, दसऱ्याच्या सुमारास आणा, म्हणजे पुढच्या उन्हापर्यंत चांगली मोठी होतील. घेताना मॅरेक रोगाची लस टोचलीय का ते आवर्जून विचारा. मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची, लस पहिल्या आठवड्यात डोळ्यात थेंब टाकून देतात आणि दोन महिन्यांच्या सुमारास टोचून. बाबा, ही दुसरी लस अजिबात चुकवू नका. मानमोडी शिरली की दोन-चार दिवसांत खुराडं रिकामं होतं. सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात एकदा जाऊन या, पिल्लं कुठे मिळतील तेही तिथे कळेल.

खुराड्याला पश्चिमेचं ऊन लागू देऊ नका, कडुलिंबाखाली बांधा. मुंगूस शिरणार नाही इतकी बारीक जाळी लागेल. लांबी-रुंदी मोजून कळवा, जाळीचे पैसे मी पाठवते.

तुमची लेक