तीन नारळ गेले कुठे?

संपादक महोदय, स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला, अमेरिकन बेसबॉलमधल्या जो टोरी या गृहस्थावरचा लेख वाचला. मराठी वर्तमानपत्रात बेसबॉलला अर्धं पान मिळालं म्हणून आधी अभिनंदन करतो, कारण पुढे ते जमणार नाही.

लेखकाने टोरीला सुरुवातीपासून शेवटपर्यंत 'संघ व्यवस्थापक' केलं आहे. आपल्याकडे क्रिकेट संघाचा व्यवस्थापक म्हणजे हॉटेलच्या किल्ल्या वाटणारा आणि सामानाचे नग मोजणारा गृहस्थ. बेसबॉलचा मॅनेजर पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, कधी काढायचा, कोणाच्या जागी कोणाला बॅट घेऊन पाठवायचं हे ठरवतो. 'मॅनेजर' शब्द तसाच ठेवला असता तर शाई जास्त लागली नसती.

पण ते सोडा. लेख सुरूच होतो १९९६ मध्ये, टोरी मॅनेजर असलेल्या न्यूयॉर्क यांकीज संघाच्या विजेतेपदापासून. त्याआधी टोरी काय गोट्या खेळत होता? १९७१ साली सेंट लुईस संघाकडून खेळताना .३६३ च्या सरासरीने (शंभरातले छत्तीसेक फटके यशस्वी) फलंदाजीत नॅशनल लीगमध्ये, म्हणजे तिथल्या दोन मोठ्या लीगपैकी एकीत, पहिला आला आणि तिचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्याला तुमचे लेखक 'मध्यम दर्जाचा खेळाडू' म्हणतात. उच्च दर्जा कितीला मिळतो, तेही एकदा छापा.

आणि ते तीन नारळ? मॅनेजर झाल्यावर पहिला नारळ न्यूयॉर्कच्याच मेट्स संघाने १९८१ नंतर दिला. अटलांटाला १९८२ मध्ये विभागात पहिलं आणलं, तरी त्यांनी १९८४ नंतर दिला. सेंट लुईसला तर १९९५ चा हंगाम संपेपर्यंतही धीर धरवला नाही. या तिघांचा एकत्र हिशेब ८९४ विजय, १००३ पराभव. म्हणून तर यांकीजने नेमलं तेव्हा न्यूयॉर्कच्या 'डेली न्यूज'ने 'क्लूलेस जो' (काही न कळणारा जो) असा मथळा दिला होता. हे सगळं गाळून 'नशिबाने उत्तम संघ हाती आला' एवढ्यावर भागवलंत.

१९९६ च्या ऑक्टोबरात मी न्यूयॉर्कशेजारच्या जर्सी सिटीत होतो. पाच जणांत एक टीव्ही. वर्ल्ड सिरीजचे, म्हणजे विजेतेपदाच्या अंतिम मालिकेचे, पहिले दोन सामने यांकीज घरच्या मैदानावर अटलांटाकडून हरले, १-१२ आणि ०-४. चौथ्यात ०-६ झाल्यावर खोलीतले बाकीचे झोपायला गेले. बरोबरी झाली, नेहमीच्या नऊ इनिंग संपून सामना दहाव्या इनिंगमध्ये गेला. चार वाईट चेंडू पडले की फलंदाज फुकट पहिल्या बेसवर जातो, आणि तिन्ही बेस भरलेले असले की सगळ्यांत पुढचा धाव घेऊन आत येतो. दोन बाद झाल्यावर अटलांटाने बर्नी विल्यम्सला मुद्दाम असं चालत सोडून तिन्ही बेस भरले. टोरीने वेड बॉग्ज या फलंदाजाला शेवटपर्यंत बाकावर राखून ठेवलं होतं. बॉग्जने बॅट न लावता चार वाईट चेंडू सोडले आणि धाव फुकट पदरात पडली. याला नशीब म्हणायचं? २५ ऑक्टोबरला टोरीच्या थोरल्या भावाचं हृदय प्रत्यारोपण झालं आणि २६ ला टोरीने विजेतेपद जिंकलं. तुमच्या लेखात याची एक ओळ नाही.

मला एवढं झोंबायचं कारण आहे. परत आल्यावर मी आमच्या भागातल्या एका मंडळाच्या कबड्डी संघाला दोन हंगाम शिकवलं. पोरं पहाटे साडेपाचला मैदानावर येत. दोन्ही वर्षी उपांत्यपूर्व फेरीत हरलो. मग कमिटीने माझा सत्कार ठेवला. शाल दिली, नारळ दिला, भाषणं झाली. घरी आल्यावर बायको म्हणाली, "अहो, हा निरोपाचा होता." मला खरंच तोवर कळलं नव्हतं. पुढच्या वर्षी तीच पोरं, तोच डावा कोपरारक्षक, तीच साखळी, चषक जिंकून आली. फोटो छापून आला नव्या प्रशिक्षकाचा, गळ्यात हार घालून. तो आला त्याला तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते. माझं नाव खालच्या ओळीतही नव्हतं. फोटो कुठल्या दैनिकात होता ते लिहीत नाही, पत्र छापून यावं अशी इच्छा आहे.

टोरीला निदान चौथी संधी मिळाली. तो यांकीजकडे १२ हंगाम राहिला आणि चार विजेतेपदं घेतली. २००७ मध्ये कमी पगाराचा एक वर्षाचा करार पुढे केला तेव्हा तो स्वतःच उठून गेला. नारळ घ्यायला थांबला नाही. हेही लेखात नाही.

कळावे,
आपला एक जुना वाचक, डोंबिवली

ता. क. : शब्दकोड्यात गेले तीन आठवडे उभ्या शब्दांपैकी एकाचं सूत्रच छापलेलं नसतं. या खेपेला १४ उभा. फोन केला तर "पुरवणी विभागाशी बोला" म्हणतात, आणि पुरवणी विभागात कोणी उचलत नाही.