डंपर घ्यायच्या आधी

कोल्हापूर

ती. बाबा आणि सौ. आईस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर रेंज गेली आणि बोलणं अर्धवट राहिलं, म्हणून सविस्तर लिहितेय. वाचून झालं की दीपकलाही द्या. सड्यावर, म्हणजे आपल्या डोंगरमाथ्यावरच्या कातळपठारावर, बॉक्साईटची (अल्युमिनियमच्या खनिजाची) खाण होणार, मालाच्या वाहतुकीला डंपर लागणार, आणि त्यासाठी ओढ्याकडच्या पट्टीचा सातबारा तारण ठेवायचा, असा त्याचा बेत आहे. बाबा, तुम्ही विचारलंत, "तू पतसंस्थेत बसतीस, तुझं मत काय?" मत एका ओळीचं आहे. खाण येवो न येवो, जमीन तारण ठेवून डंपर नको.

आमच्याकडं वाहनकर्जाच्या फायली येतात. खाणीवर फिरणाऱ्या गाडीची फाईल न उघडता ओळखू येते. मेअखेर हप्ते वेळेवर. जूनमध्ये आपल्याकडचा पाऊस लागला की सड्यावर चिखल, खोदाई बंद, गाडी दारात. जुलैपासून थकबाकी, ऑगस्टमध्ये जामीनदाराला फोन. दसऱ्याच्या आसपास काम परत सुरू होतं तोवर मागचे हप्ते आणि वर दंडव्याज. म्हणजे कमाई आठ महिन्यांची आणि हप्ते बारा महिन्यांचे. विमा आणि पासिंगही पावसाळा बघून थांबत नाहीत. टायर त्या घाटात किती टिकतात ते दीपकनं ड्रायव्हरला विचारावं, शोरूमवाल्याला नको. (जामीनदार म्हणून त्यानं थोरल्या मामांचं नाव घेतलंय, हे आईला माहीत आहे का?)

त्याला मी वेडा म्हणत नाही. आपल्या तालुक्यात शाहू महाराजांनी राधानगरीचं धरण बांधलं, पण त्या पाण्यावर ऊस पिकतो तो खाली, भोगावतीच्या काठानं. डोंगरावर नाचणी आणि वरी, पावसाळ्यात भात, नाहीतर मुंबई. रोख पैसा म्हणजे दुधाचं दहा दिवसांनी येणारं बिल. अशा ठिकाणी खाण आली की रस्ता होतो, पाठोपाठ एसटी येते, नाक्यावर दोन टपऱ्या निघतात, वॉचमन-हेल्पर म्हणून चार पोरं गावात राहतात. अडीअडचणीला रात्री-अपरात्री गाडी मिळते. पोरगं मुंबईच्या खोलीत आठ जणांत झोपण्यापेक्षा घरी जेवतंय, हे आईला किती मोठं वाटेल ते मला कळतं. खाण नकोच असं शहरात बसून म्हणणं सोपं आहे, म्हणून मी ते म्हणत नाही.

पण पैसा कुठं मुरतो ते बघा. बॉक्साईट आपल्याकडं सड्याच्या माथ्यावरच, जांभ्या दगडाच्या थरात सापडतं. खोल बोगदे नाहीत, वरून पोकलेननं खरवडायचं आणि डंपरात भरायचं. म्हणून माणसं थोडी लागतात, आणि मशीन चालवणारा बहुतेक बाहेरचा असतो. माल डोंगर उतरून बेळगावला जातो. तिथला अल्युमिनाचा, म्हणजे बॉक्साईट शुद्ध करून निघणाऱ्या पांढऱ्या पुडीचा, कारखाना 1969 पासूनचा. साधारण चार टन बॉक्साईटातून दोन टन अल्युमिना आणि त्यातून एक टन अल्युमिनियम धातू निघतो. धातू करायला वीज प्रचंड लागते, म्हणून ते काम आणखी लांब, स्वस्त वीज असेल तिथं. प्रत्येक पायरीला किंमत वाढते आणि प्रत्येक पायरी आपल्यापासून लांब जाते. आपल्या वाट्याला पहिली पायरी, म्हणजे खड्डा आणि धुरळा. सहकारी साखर कारखान्यात निदान आपण सभासद असतो, सर्वसाधारण सभेत उठून भांडता येतं. खाणीत भांडायचं कुणाशी? मुकादमाशी?

रॉयल्टीचा दरही गंमतशीर आहे. मालात जेवढं अल्युमिनियम असेल त्यावर लंडनच्या धातूबाजारातल्या भावाच्या 0.60 टक्के. ती राज्य सरकारकडं जाते. मात्र 2015 च्या दुरुस्तीपासून रॉयल्टीखेरीज जास्तीची रक्कम जिल्हा खनिज प्रतिष्ठानात भरावी लागते. जुन्या लीजला (खाणपट्ट्याला) रॉयल्टीच्या 30 टक्के, लिलावातल्या नव्या लीजला 10 टक्के. हा निधी खाणबाधित गावांसाठी आहे, आणि योजनेत पाणी, आरोग्य, शिक्षण यांना पहिला मान. पण बाधित गाव म्हणून आपलं नाव यादीत नसेल तर तो दुसरीकडं खर्च होणार. सरपंचांना डंपरच्या ठेक्यापेक्षा या यादीचं विचारा.

आता पाणी. आई, तुला सांगायला नको, वाडीच्या वरचा झरा एप्रिलमध्येही हंडा भरतो. सड्यावर पडलेला पाऊस जांभ्याच्या भोकांतून आत मुरतो, खालच्या चिकण थरावर अडतो आणि उतारावर बाहेर येतो. तोच जांभा खरवडून नेला तर पाणी साठायला जागा उरेल का? काही ठिकाणी खड्डा भरून झाडं लावतात, तीही जगतात. पण झाड लावणं वेगळं आणि झरा परत आणणं वेगळं. झरा आटला तर धनगरवाड्याची आणि आपली, दोघांची जनावरं विकायची वेळ येईल, म्हणजे ते दहा दिवसांचं दुधाचं बिलही गेलं.

आणि एक धोका दीपकच्या हिशोबात कुठंच नाही. खाण एका आदेशानं थांबू शकते. गोव्यात 2012 ला लोहखनिजाच्या खाणी बंद झाल्या, पुढं सुरू झाल्या, आणि 2018 ला सर्वोच्च न्यायालयानं 88 लीज रद्द केल्या. कर्जावर घेतलेले ट्रक दारात उभे राहिले. आपल्याकडं तर राधानगरी अभयारण्य जवळ, 2012 पासून जागतिक वारशाच्या यादीत. पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राचे मसुदे 2014 पासून निघताहेत, सहावा मसुदा जुलै 2024 चा. त्यात नव्या खाणींना बंदीच सुचवलीय. आपलं गाव त्या यादीत आहे का, हे डंपरचं कोटेशन आणण्याआधी तलाठ्याकडं नाहीतर तहसीलला बघायला हवं.

बाबा, ग्रामसभेत हात वर करायच्या आधी दोन गोष्टी लेखी मागा. एक, खाण बंद करण्याचा आराखडा, जो नागपूरच्या भारतीय खाण ब्यूरोकडून मंजूर व्हावा लागतो. त्यात माती परत कुठं आणि कधी टाकणार ते असतं. दुसरं, झऱ्याचं पाणी आत्ताच मोजून त्याची नोंद. नंतर मोजलं तर आधी किती होतं ते कोण सांगणार? मोठ्या खाणीला पर्यावरणाची जनसुनावणी लागते, तिची नोटीस किमान 30 दिवस आधी निघते आणि अहवालाचा सारांश मराठीत द्यावा लागतो. तो आला की मला झेरॉक्स पाठवा, मी वाचून खुणा करून देईन. कोऱ्या संमतीपत्रावर कुणी सही मागितली तर "लेकीला विचारून सांगतो" म्हणा. लोक हसतील, हसू देत.

दीपकला गाडीच चालवायची असेल तर आधी दुसऱ्याच्या डंपरवर एक सीझन पगारानं करू दे. डिझेल, टायर, वजनकाट्यावरची कटकट आणि ट्रिपचे पैसे किती दिवसांनी मिळतात, हे सगळं अंगावरून जाऊ दे. एवढं करूनही त्याला घ्यायचाच असेल तर जुनी गाडी, कमी कर्ज, आणि तारण गाडीचंच, पट्टीचं नाही. हप्ता मी बसवून देते. जमिनीला मात्र मी हो म्हणणार नाही, आणि पट्टी वडिलोपार्जित असेल तर हिस्सेदार म्हणून माझीही सही लागेल, याची त्याला आठवण करून द्या.

आई, गुडघ्याचं औषध संपत आलं असेल, येताना आणते. पुढच्या शनिवारी दुपारच्या एसटीनं येतेय. दीपकला त्या दिवशी घरी थांबायला सांगा, आणि मामांनाही बोलवून घ्या.

तुमची,
सुनीता