भिंत फोडायच्या आधी

तीर्थरूप बाबा आणि सौ. आई यांस,

शिरसाष्टांग नमस्कार.

गणपतीहून परत आल्यापासून माजघरातली ती ओलीचा डाग पडलेली भिंत डोळ्यांसमोरून हलत नाही. काल बाबा म्हणाले की सोमवारपासून गवंडी बाथरूमच्या टाइल्स काढायला येतोय. बाबा, त्याला थांबवा. फोनवर तुमच्याशी वाद घालायचा नव्हता, म्हणून लिहायला बसले.

पाणी कुठून येतंय हे कळल्याशिवाय भिंतीला छिन्नी लागू नये, एवढंच माझं मागणं आहे. मी इथे पुण्यात हे भोगलंय. डाग दिसला तिथे भिंत फोडून घेतली, पाइप बदलला, नव्या टाइल्स बसवल्या आणि महिन्याभरात डाग पुन्हा हजर. पाणी येत होतं वरच्या मजल्यावरच्या नहाणीच्या, म्हणजे बाथरूमच्या फरशीत पाणी जायला जे भोक असतं त्याच्या, जाळीभोवतीच्या फटीतून. आमचा पाइप धडधाकट होता.

आपली भिंत तर चिऱ्याची. जांभा भोकाभोकांचा दगड, पाणी पितो आणि आतल्या आत लांबवर नेतो. गळतं एकीकडे, ओल उमटते चार हात पलीकडे. म्हणून डाग कुठे आहे यापेक्षा तो केव्हा वाढतो, ते बघायचं. आई, हे काम तुझं. आज डागाच्या कडेने पेन्सिलीने रेघ मार आणि तारीख घाल. दर दोन दिवसांनी नवी रेघ. दुधाचा हिशेब मांडतेस त्याच कॅलेंडरवर त्या दिवशी पाऊस किती होता, आंघोळी कुठे झाल्या, तेवढं लिही.

चार दिवस दोघांनीही परसातल्या न्हाणीत आंघोळ करा. बंब आहेच. फक्त तिथल्या दगडावर आधी रबरी चटई घाला, शेवाळ धरलंय ते मी पाहिलंय. नव्या बाथरूममध्ये पाणी सांडलं नाही आणि डाग वाढायचा थांबला, तर दोष बाथरूमच्या फरशीत: नहाणीभोवतीची फट, टाइल्सचे सुटलेले सांधे किंवा सांडपाण्याचा पाइप. हे पाणी वापरलं तेवढंच मुरतं. नळाच्या पाइपाचं तसं नाही. त्यात टाकीचा दाब कायम असतो, त्यामुळे तो गळत असेल तर घर कुलूपबंद असलं तरी भिंत भिजत राहते.

आपल्याकडे विहिरीचं पाणी, मीटर नाही, तेव्हा पाइपाची परीक्षा टाकीवरूनच करावी लागेल. रात्री टाकी भरून पंप बंद करा, पाण्याची पातळी काठीवर खूण करून ठेवा, रात्रभर नळ उघडू नका. सकाळी पातळी उतरली असेल तर दुसऱ्या रात्री बाथरूमकडे जाणारा व्हॉल्व्ह बंद करून तेच पुन्हा करा. व्हॉल्व्ह बंद असताना पातळी जागेवर राहिली, तर गळती त्याच्या पुढे आहे. पण फ्लशची टाकी आतल्या आत झिरपली तरी पातळी उतरते. म्हणून आधी त्या टाकीत खाण्याचा रंग टाका. फ्लश न करता अर्ध्या तासात भांड्यात रंग उतरला, तर तिचं रबर गेलंय. बाबा, शिडीवर मात्र शेजारच्या मुलाला चढवा. तुम्ही खाली उभे राहून सांगा. हे मी विनंती म्हणून लिहीत नाहीये.

गिझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून पडणाऱ्या थेंबांना मात्र घाबरू नका. पाणी तापलं की फुगतं. २५ लिटर पाणी ६० अंशांपर्यंत तापवलं तर पाव लिटरहून थोडं जास्तच वाढतं आणि तिथून बाहेर पडू शकतं. गिझर बंद असतानाही थेंब थांबत नसतील तर व्हॉल्व्ह बदलायला हवा. आणि त्याच भिंतीत गिझरचं बटण आहे, त्याची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. वायरमन येऊन अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) तपासून जाईपर्यंत ते बटण बंद ठेवा. ओल्या हाताने लावायचं तर मुळीच नाही.

खरं सांगू? मला संशय पाइपाचा नाहीच, पावसाचा आहे. डाग खालून गुडघाभर चढलाय आणि वरच्या कडेला पांढरा लोणा, म्हणजे क्षार, फुटलाय. ती भिंत पश्चिमेची, सगळी झड तिच्यावर. आजोबा मृगाच्या आधी तिला झावळ्या बांधायचे, आठवतंय? नवं बाथरूम बांधताना तिथलं पन्हळ गेलं. आता पागोळ्या थेट भिंतीच्या पायाशी पडतात, चिखल उडतो, आणि चिऱ्यांच्या दर्जाही, म्हणजे मधले सांधे, बऱ्याच ठिकाणी पोकळ झाल्यात. वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस झेलणारी भिंत असं किती सोसणार? तसं असेल तर पन्हळ, दर्जा आणि पायाशी उतार एवढ्यावर काम भागेल, टाइल्सना हातही लावावा लागणार नाही.

आतून कुणी वॉटरप्रूफ रंग लावून देतो म्हणाला तरी नको. ओल्या भिंतीवर रंग चढवला की पाणी आत कोंडतं आणि पुढच्या पावसात पोपडे निघतात. आई, डागापुढचं कपाट तेवढं वीतभर पुढे ओढून घे, पण शेजारच्या मुलाला हाताशी घेऊन. आत गोधड्या आहेत, बुरशी लागेल. तुझा खोकला त्या कुबट वासानेच बळावतोय असं मला वाटतं.

ऑक्टोबरचं ऊन पडू दे. पाऊस गेल्यावर पेन्सिलीच्या रेघा मागे सरकल्या, तर माझं म्हणणं खरं. नाही सरकल्या तर मी दिवाळीला चार दिवस आधी येते, गवंड्याला तेव्हाच बोलवा, मी समोर उभी राहीन. रविवारी फोन करीन तेव्हा पहिल्या दोन रेघांमध्ये किती बोटं अंतर पडलं ते सांगा.

तुमची लेक