लुकलुकीचं गणित सांगणाऱ्या सरांना

आदरणीय सर,

सुपर ८ च्या (घरगुती चित्रणाच्या जुन्या, ८ मिलिमीटर रुंद फिल्मच्या) रिळांवरून व्हिडिओ कसा करावा यावरचं तुमचं टिपण मिळालं, त्याबद्दल मनापासून आभार. प्रोजेक्टर लावा आणि समोर कॅमेरा ठेवा, एवढं कोणीही सांगतं. चित्र का लुकलुकतं, हे तुम्ही आकडे मांडून सांगितलंत.

प्रोजेक्टरच्या सेकंदाला १८ फ्रेम आणि त्याच्या शटरला उजेड अडवणारी तीन पाती, म्हणजे पडदा म्हणून लावलेल्या कागदावर सेकंदाला ५४ वेळा उजेड पडणार. कॅमेरा टिपतो ५० वेळा. मधल्या चारांमुळे चित्र सेकंदाला चारदा धपापतं. प्रोजेक्टरचा वेग १६ २/३ फ्रेमवर उतरवला आणि कॅमेऱ्याचं शटर १/५० वर बांधून ठेवलं की हिशोब जुळतो. (सेकंदाला ६० वेळा टिपणाऱ्या कॅमेऱ्यासाठी २० फ्रेम.) पाती किती, हे पुस्तिकेत शोधण्यापेक्षा यंत्र हाताने फिरवून एका फ्रेममागे उजेड किती वेळा येतो ते मोजा, ही तुमची युक्ती लाखमोलाची. प्रोजेक्टरच्या वेगाच्या डायलवरच्या आकड्यावर मात्र विसंबू नये: मोटर तापली, पट्टा सैलावला की वेग सरकतो. कॅमेऱ्याच्या पडद्याकडे बघत डायल हळूहळू फिरवायची, धपापणं थांबलं की हात काढायचा. पडताळा सोपा आहे. ५० फुटांच्या रिळात ३,६०० फ्रेम असतात. ते ३ मिनिटं ३६ सेकंदांत संपायला हवं. मग संगणकावर वेग १०८ टक्के केला की माणसं पुन्हा १८ च्या चालीने चालू लागतात.

फोकस चेहऱ्यावर नको, फिल्मच्या रव्यावर (चित्र ज्या बारीक कणांचं बनतं त्यांवर) धरा, हेही पटलं. एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवू नये, हे तर उघडच आहे.

रेग्युलर ८ चं, म्हणजे सुपर ८ च्या आधीच्या तितक्याच रुंद फिल्मचं, कडेचं छिद्र दोन फ्रेमच्या सीमेवर असतं, सुपर ८ चं फ्रेमच्या मध्यावर. चुकीच्या गेटमधून (प्रोजेक्टरमध्ये फिल्म दिव्यासमोरून सरकते त्या खाचेतून) फिल्म ओढली तर छिद्रंच फाटतात, म्हणून आधी भिंगाखाली बघायचं. डब्यातून व्हिनेगरचा वास आला तर ते रीळ प्रोजेक्टरवर चढवायचंच नाही. फिल्मचं प्लॅस्टिक, म्हणजे ॲसिटेट, आकसलेलं असतं, छिद्रं फिल्म ओढणाऱ्या दात्यांवर बसत नाहीत. अशा रिळाला दात्यांऐवजी रोलरवर चालणारा स्कॅनरच हवा.

एका ठिकाणी मात्र आमचा हात अडखळतो. तुम्ही सगळी फिल्म आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायला सांगता. टेपने जोडलेल्या जागी त्याने गोंद सुटतो आणि जोड ऐन गेटमध्ये उकलतो. तिथे आम्ही कोरडं, धागे न सुटणारं कापडच फिरवतो.

तुमचे ऋणी,
जुनी रिळं उतरवून घेणारे आम्ही काही जण